बावीस जणींचे केस

चिपळूणच्या केशबीज दवाखान्यात नंबर यायला अक्षता भुवडला पाऊण तास लागला. समोरच्या बाकावर एक निवृत्त मास्तर बायकोसोबत बसले होते आणि बायको त्यांना, भांग उजवीकडे पाडायचा की डावीकडे, हे आत्तापासून विचारत होती. टक्कल आता गावात फारसं दिसत नसे. जुन्या लग्नांच्या फोटोंत तेवढं उरलं होतं. अक्षताने डोक्याचा स्कार्फ घट्ट केला. तिला एकोणचाळिसावं लागलं होतं आणि चार महिन्यांत तिची वेणी करंगळीएवढी झाली होती.

पूर्वी केसरोपण म्हणजे एका वाफ्यातली रोपं उपटून दुसऱ्यात लावणं. मागचे केस काढायचे, पुढे बसवायचे. केशबीजात तसं नव्हतं. कानामागची चार-दोन मुळं घ्यायची, प्रयोगशाळेत त्यांची हजारो बीजं वाढवायची आणि टाळूवर पेरायची. दीड महिन्यात कोंब दिसत आणि पुढच्या महिन्याभरात पेरलेले केस खांद्यापर्यंत येत.

"आधी दहा केस लागतील," डॉक्टर नेत्रा बिवलकर म्हणाल्या आणि त्यांनी ते उपटून केशवाचकात ठेवले.

केशवाचक अक्षताच्या ओळखीचा होता. कारखान्यात दर जूनमध्ये सरकारी अधिकारी तो घेऊन येत. मूळचा केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो आणि त्या महिन्यात रक्तात जे असेल ते स्वतःत साठवतो. यंत्र टोकापासून मुळापर्यंत ते वाचून काढतं. हे यंत्र आल्यापासून कामगारांची रक्त-लघवीची तपासणी बंदच झाली होती. सुई नको, बाटल्या नकोत.

पडद्यावर एक रेघ उमटली. बराच वेळ सपाट गेली आणि मग चढली.

"सहा महिन्यांपूर्वी काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. म्हणजे, जूनची तपासणी झाल्यावर आमची तीन नंबरची शेड सुरू झाली. जुनी सोलर पॅनेल फोडून धातू वेगळे करतो आम्ही. मी शेडची इन्चार्ज आहे."

"आणि इथे? हा मधेच खड्डा आहे. सप्टेंबरात, दहा-बारा दिवसांचा."

अक्षताने बोटांवर महिने मोजले. "गणपती. गावी होते मी."

डॉक्टरांनी नुसतं त्या खड्ड्याकडे बोट दाखवलं. शेडपासून दूर होती तेवढेच दिवस रेघ खाली होती, हे अक्षताच्या लक्षात आलं.

"थॅलियम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. शरीराला वाटतं पोटॅशियमच आहे, म्हणून ते दार उघडून आत घेतं. तळपाय जळतात?"

"रात्रंदिवस."

"काम सोडलंत तर केस आपले आपण येतील. औषधही आहे, एक निळा रंग असतो, तो पोटात दिला की विष बांधून बाहेर काढतो. पण आधी तिथून बाहेर पडायला हवं."

"आणि नाही सोडलं तर? केशबीज लावता येईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नवं बीज आलंय. त्याच्या पेशींची दारं बदलली आहेत, थॅलियम त्यात शिरत नाही. ते केस गळायचे नाहीत."

"मग विष जाईल कुठे?"

"आत्ता जातंय तिथेच. नसांत, मूत्रपिंडात. केसांत ते फक्त दिसतं, बाई."

खरं सांगायचं तर त्या क्षणीही अक्षताला ते केस हवेच होते. आरशासमोर उभं राहून दोन्ही हातांनी वेणी घालावी, इतकीच तिची इच्छा होती. तिने अहवाल मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेली.

पालेकर साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. चहा मागवला. "बरं झालं, आधी माझ्याकडे आलात," ते म्हणाले. "शेडमध्ये बोललात का कुणाशी?"

"नाही, साहेब."

"नका बोलू. उगाच घाबरतील. मी बघतो."

त्यांनी खरंच बघितलं. आठवड्याभरात अक्षताची बदली पलीकडच्या टेकडीवरच्या मुख्य कचेरीत झाली आणि महिन्याभरात तीन नंबरच्या दारावर सूचना लागली: महिला कामगारांच्या आरोग्यासाठी कंपनीतर्फे संपूर्ण डोक्याचं केशरोपण, मोफत, नव्या बीजाचं. फेब्रुवारीत सुरुवात.

कचेरीत आलेली सूचनेची प्रत वाचून अक्षता धावतच शेडकडे गेली. जेवणाची सुट्टी होती. शेडमधल्या बावीसही जणी सावलीत डबे उघडून बसल्या होत्या आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसत होत्या. सुगंधामावशी त्यांच्यात सगळ्यात थोरली, पंचेचाळिशीची. तिच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं, आणि विहिणीसमोर डोक्यावर पदर कसा टिकवायचा, या चिंतेत ती कित्येक महिने होती.

"मावशी, बाजूला या जरा."

अक्षताने तिला सगळं सांगितलं. शेड, धूळ, थॅलियम, गणपतीतला खड्डा. मावशी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिली.

"तुला हे कधी कळलं?"

"महिना झाला."

"मग महिनाभर कुठं होतीस?"

"साहेबांना सांगितलं होतं. मला वाटलं, ते यंत्रं बदलतील, मास्क देतील..."

"साहेबाला सांगितलंस." मावशीने तुकडा डब्यात ठेवला. "आमच्याशी नाय बोललीस. आमच्याशी बोलली असतीस तर आम्ही बावीस जणी दारात बसलो असतो. आता त्यांनी केस दिले. आता कोण बसतंय?"

"पण पाय जळतात ना तुमचे?"

"जळतात. पाय कोण बघतं?"

अक्षता संध्याकाळी चिपळूणला गेली. रोपणाचं काम डॉक्टर बिवलकरांच्याच दवाखान्याकडे आलं होतं. "मी नाही म्हटलं असतं तर रत्नागिरीच्या कुणी केलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांनी अक्षताच्या नजरेला नजर दिली नाही.

जूनपर्यंत बावीसही डोकी भरून आली. सुगंधामावशीने मुलीच्या लग्नात अंबाड्यावर दोन गजरे माळले, आणि त्याच मांडवात तिच्या पायांत बळ राहिलं नाही म्हणून दोघींनी तिला धरून खुर्चीत बसवलं. कचेरीत गेलेल्या अक्षताचे केस मात्र काहीच न करता परत आले होते, डॉक्टर म्हणाल्या होत्या तसे. आरशात ते पाहताना तिला आनंद होण्याऐवजी चोरी केल्यासारखं वाटे.

तपासणीला आलेले अधिकारी तरुण होते, ढवळे नावाचे. कचेरीतून नोंदवही पोचवायला म्हणून अक्षता मुद्दाम शेडमध्ये गेली. एकेक बाई पुढे येई, यंत्रात केस जाई, पडद्यावर सपाट रेघ उमटे. बावीस सपाट रेघा.

"इतकं स्वच्छ मी कुठेच पाहिलं नाही," ढवळे म्हणाले. त्यात कौतुक होतं की शंका, कळेना.

अक्षताने पिशवीतून जुना अहवाल काढून त्यांच्यासमोर ठेवला. बाजूला बसलेले पालेकर साहेब चटकन उभे राहिले. ढवळ्यांनी कागद वाचला, मग अक्षताच्या डोक्याकडे पाहिलं.

"हे तुमचे? तुमचे केस तर आता उत्तम आहेत."

"मी आता इथे काम करत नाही. आणि यांचे केस यांचे नाहीत. ते विष घेतच नाहीत."

"तरी नियमात केसच आहेत, बाई. यंत्र काहीच दाखवत नसेल तर मी काय लिहू?"

रांगेत शेवटची असलेली सुगंधामावशी भिंतीचा आधार घेत परत निघाली होती. तिने हातमोजे काढून कमरेला खोचले होते. अक्षताची नजर तिच्या बोटांवर गेली. प्रत्येक नखावर, आडवी, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ.

"साहेब, हे यंत्र नखं वाचतं?"

ढवळ्यांनी जवळ जाऊन मावशीचे हात पाहिले. "वाचतं. नखातही केसासारखंच विष साठतं," ते हळूच म्हणाले. "पण नियमात नाही. त्यांनी स्वतःहून मागणी केली तरच घेता येईल. लेखी."

ढवळ्यांनी कोरा अर्ज टेबलावर सरकवला. मावशीने आपली दहाही नखं उजेडात धरून पाहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. मग तिने पालेकर साहेबांकडे पाहिलं नाही, अधिकाऱ्यांकडेही नाही. तिने अक्षताकडे पाहिलं.

"मी नखं दिली की शेडला टाळं लागणार," ती म्हणाली. "तुला वर कचेरी मिळाली. आम्हाला कुठली?"