परत या

"तुम्ही हरवलात का?"

भिंगरीने मोटारसायकल थांबवली, हेल्मेटची काच वर केली. वळणावर एक तरुण उभा होता, शेजारी तीन पायांच्या तिकाटण्यावर पिवळं यंत्र. रस्ता रुंद होणार होता आणि हा तो मोजायला आलेला.

"हरवेन कशाला?"

"मघापासून बघतोय. जाताय, येताय, पुन्हा जाताय."

"शूटिंग करतेय. स्वतःचंच."

मग समजावून सांगणं आलं. दगडावर कॅमेरा लावायचा, मागे जायचं, ऐटीत त्याच्यासमोरून निघून जायचं... आणि गाडी वळवून तोच कॅमेरा उचलायला निमूट यायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय सुसाट निघालीय पोरगी. निम्मा प्रवास कॅमेरा गोळा करण्यात जातो. त्यात घरी आत्याचं एकच पालुपद — एकटी फिरतेस म्हणतेस, मग लांबून तुला टिपतं कोण?

तो हसला. गरजेपेक्षा जरा जास्तच छान हसला.

"द्या इकडे. तसंही वाऱ्याने माझं यंत्र हलतंय, काम होत नाही."

"जमेल?"

"जन्म तिकाटण्यामागेच गेलाय माझा."

तिने कॅमेरा दिला, बटण दाखवलं. मग दुपारभर तेच. ती वळणावरून यायची, तो हात उंचावून ओरडायचा, "परत या!" एकदा मध्ये ट्रक आला. एकदा ऊन डोळ्यात गेलं.

"आता काय झालं?"

"तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत."

"मी रस्त्याकडे बघत होते."

"रस्ता तिकडे आहे. मी इकडे."

हेल्मेटचा हा एक फायदा, गाल कुणाला दिसत नाहीत.

ऊन कललं. त्याने शर्टाच्या टोकाने भिंग पुसून कॅमेरा परत दिला. तिने तो टाकीवरच्या पिशवीत टाकला, गाडी सुरू केली, आणि नेमका तेव्हाच तो काहीतरी बोलला. इंजिनाने आणि हेल्मेटने मिळून अर्धं गिळलं. परत या? की... परत ये?

'या' म्हणजे शॉट बिघडला. 'ये' म्हणजे — छे, 'ये' कसं म्हणेल? दुपारभर अहो-जाहो चाललेलं. विचारावं तर वेडी ठरायची, न विचारावं तर... तिने आपली मान हलवली, हो की नाही तिचं तिलाही कळलं नाही, आणि निघाली.

लॉजच्या खोलीत मोजे खिडकीत वाळत टाकून तिने लॅपटॉप उघडला. तिचा एकही शॉट नव्हता. त्याच्या हातात देतानाच कॅमेरा चालू होता. त्याने सुरू करायला दाबलं की बंद, बंद करायला दाबलं की सुरू. ती समोरून जाताना काही नाही. ती गाडी वळवायला गेली की मात्र सगळं. त्याचे बूट, गवत, बेसूर गुणगुण. आणि स्वतःशीच बडबड.

"वाऱ्याने यंत्र हलतंय म्हणे! पानसुद्धा हलत नाहीये, गाढवा."

ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. शेवटच्या तुकड्यात शर्टाचं टोक, मग पिशवीतला अंधार, इंजिनाची घरघर, आणि स्वच्छ, हळू —

"परत ये."

उद्या पुढचा घाट गाठायचा होता. गेलेल्या रस्त्याने भिंगरी कधी मागे फिरत नसे, कॅमेरा उचलण्यापुरतं सोडून. आणि कॅमेरा तर समोर, उशीवर होता. मग आता मागे जायचं ते काय आणायला?

सकाळी लॉजच्या फाटकातून पुढचं चाक पुढच्या घाटाकडे वळलं, आणि थोड्या वेळाने, कसं कोण जाणे, मागे.

तो यंत्रावर वाकलेला होता. तिला बघून सरळ झाला.

"काय राहिलं?"

"एकही शॉट आला नाही. बटण उलटं पडत होतं."

"म्हणजे मधलं सगळं—"

"आलंय. पान हलत नव्हतं, तेसुद्धा."

तो घाईघाईने यंत्राला डोळा लावून बघू लागला. यंत्राच्या भिंगावरचं झाकण तसंच होतं.

"झाकण काढ," ती म्हणाली. तोंडून 'काढ' निघून गेलं होतं, आता मागे कसं घ्यायचं?

त्याने झाकण काढलं नाही. तिच्या हातातून कॅमेरा तेवढा घेतला.

"मग आता?"

"आता परत. सगळं पहिल्यापासून." तिने काच खाली ओढली. "पण आत्या विचारेल, लांबून टिपतं कोण? काय सांगू?"

तो चालत अगदी गाडीपाशी आला.

"लांबूनच कशाला?"