उजवीकडचा रकाना

उत्कर्षा मेश्रामच्या पुस्तकात प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ होती. रेघेच्या डावीकडे टाइप केलेला कच्चा मजकूर, त्यातल्या तिरप्या रेघा आणि महिरपी कंसांसकट, जसाच्या तसा. उजवीकडे त्याच मजकुराचं छापून आल्यावर दिसणारं रूप. मुलांनी काय टाइप करायचं ते डावीकडे, संगणक त्याचं काय करतो ते उजवीकडे. भिलाईतल्या एका खासगी कॉलेजात ती गणित शिकवायची, आणि मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट गबाळे छापले जातात हे बघवेना म्हणून हे टाइपसेटिंग शिकवायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

आधीच्या पुस्तिकेत दोन्ही बाजू वेगवेगळ्या टाइप केलेल्या होत्या. डावीकडे एक, उजवीकडे दुसरंच, आणि मुलं बिचारी तासभर आपलीच चूक शोधत बसायची. उत्कर्षानं ते मुळातूनच बदललं. आता उदाहरण एकदाच लिहायचं; तोच मजकूर यंत्र दोनदा छापायचं, डावीकडे कच्चा आणि उजवीकडे पक्का. दोन्ही बाजूंत फरक पडायला जागाच नव्हती. याचा तिला मनातून अभिमान होता.

शेवटचा धडा देवनागरीचा होता. हिंदीची उदाहरणं झाली होती. रविवारी सकाळी भिलाईजवळच्या चरोद्याच्या घरी, ओसरीला लागून असलेल्या खोलीत ती लॅपटॉप घेऊन बसली आणि तिला वाटलं, एक उदाहरण मराठीत द्यावं. भंडाऱ्याहून आलेल्या त्यांच्या घरात मराठी आता चार भिंतींपुरतीच उरली होती. पुस्तकात तिला एखादा कोपरा मिळाला तर काय बिघडलं?

काय लिहावं सुचेना, तेव्हा तिनं समोर दिसत होतं तेच लिहिलं. खिडकीतून ओसरी दिसत होती, अंगण दिसत होतं, लोखंडी फाटक दिसत होतं.

‘बाबा ओसरीत बसले आहेत. आई भाजी निवडत आहे. फाटकाजवळ कोणी नाही.’

तिनं पान तयार करायची आज्ञा दिली. पान आलं. अक्षरं देखणी उमटली होती, जोडाक्षरं कुठं तुटली नव्हती. ती पुढच्या उदाहरणाकडे वळणार, तोच तिची नजर उजव्या रकान्यात अडकली.

‘बाबा ओसरीत बसले आहेत. आई भाजी निवडत आहे. फाटकाजवळ कोणी आहे.’

डावीकडे ‘नाही’ होतं. उजवीकडे ‘आहे’.

फॉन्ट बिघडला तर मात्रा सरकते, रफार गळतो, एखाद्या अक्षराच्या जागी चौकोन येतो. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येत नाही. तिनं मागच्या साऱ्या तात्पुरत्या फाइली पुसल्या, पान पुन्हा बनवलं. तेच आलं. तिनं मान वर करून फाटकाकडे पाहिलं. फाटक बंद होतं. पलीकडे गल्ली होती, गल्लीपलीकडे रेल्वे यार्डाची भिंत, आणि भिंतीमागं डबे एकमेकांवर आदळल्याचा तो जन्मापासून कानांत बसलेला आवाज.

तिनं शेवटचं वाक्य खोडून त्या जागी लिहिलं, ‘अंगणात ऊन आहे.’

उजवीकडे आलं, ‘अंगणात कोणी आहे.’

त्याच वेळी बाहेरून बाबांचा आवाज आला. “रुक्मा, एक खुर्ची आनून दे व.”

“कोन आलं?” आईनं आतूनच विचारलं.

“कोनी नाही. पाय ठेवाले पाहिजे.”

आई हात पुसत खुर्ची घेऊन गेली. प्रेमानंद मेश्राम यार्डात शंटिंगचं, डबे जोडायचं-सोडवायचं काम करून निवृत्त झाले होते. गुडघे कुरकुरायचे, पण डोकं लख्ख होतं. उत्कर्षानं खिडकीतून पाहिलं. बाबांनी खुर्ची समोर ओढून घेतली, टॉवेलानं तिची बैठक झटकली आणि पाय खालीच ठेवून बसून राहिले. रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यांनी काहीतरी पुटपुटून हळूच मान डोलावली. कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखी.

“बाबा, कोणाशी बोलून राहिले?” ती खिडकीशी गेली.

“कुठं बोलून राह्यलो?” ते हसले. “तू आपलं काम कर, बाई.”

सोमवारी तिनं फाइल कॉलेजात नेली. सुशील ठोंबरे कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा; पुस्तकाची छपाईही त्याच्याकडेच होती. तोही विदर्भातलाच, घरात मराठी बोलणारा. त्याच्या मशीनवर तिचं काहीच नव्हतं, ना फॉन्ट, ना जुन्या फाइली. उत्कर्षानं त्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, “हे एक पान बनवून पहा ना.”

सुशीलनं पान बनवलं, वाचलं आणि हसला. “मॅडम, हे ‘ते’ कोन?”

उत्कर्षा त्याच्या खांद्यावरून वाकली. डावीकडे काल होतं तेच. उजवीकडे पहिलं वाक्य होतं, ‘बाबा आणि ते ओसरीत बसले आहेत.’

“डावीकडे वाचा,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं. पुन्हा उजवीकडे वाचलं. त्याचं हसू गेलं नाही, पण थांबलं. “ते दोनदा छापायच्या मॅक्रोत कुठंतरी गडबड असन. एक मिनिट.” त्यानं नवी कोरी फाइल उघडली. तिच्या मांडणीतलं काहीच घेतलं नाही. फक्त एक वाक्य स्वतःच्या हातानं टाइप केलं, ‘बाबा ओसरीत बसले आहेत’, आणि बटण दाबलं.

‘बाबा आणि ते ओसरीत बसले आहेत.’

लॅबमध्ये मुलं होती. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी दाखवून हसत होतं. एसीचं पाणी बादलीत टपकत होतं. सुशीलनं खुर्ची थोडी मागं घेतली.

“तुमचे बाबा आता घरी हायेत?”

“हो. कावून?”

“नाही, असंच.” त्यानं घसा खाकरला. “मॅडम, अपन ऐसा करते हैं, हे उदाहरणच काढून टाकू. किताबीले त्याची काही गरज नाही.”

तिलाही तेच हवं होतं. त्यानं पुस्तकाच्या फाइलीतलं ते उदाहरण पूर्ण निवडलं आणि पुसलं. आत एक अक्षरही राहिलं नाही. नुसती रिकामी चौकट. पान बनवलं. डावा रकाना पांढरा आला.

उजव्या रकान्यात एक ओळ होती.

‘ओसरीत कोणी नाही.’

उत्कर्षानं तिथंच उभ्या उभ्या घरी फोन लावला. आईनं उचलायला वेळ लावला.

“आई, बाबा कुठं हायेत?”

“भायेर बसून हायेत. आताच चहा देऊन आली मी. दोन कप मागतले, काय माईत कावून. थांब.” चपला फरफटल्याचा आवाज आला. मग दाराचा. मग बराच वेळ काही नाही, फक्त लांबून इंजिनाची शिट्टी.

“आई?”

“आता त इथंच होते व,” आई म्हणाली.

सुशील म्हणाला, मी गाडी काढतो. पण ती तोवर जिना उतरली होती. जीई रोडच्या हमरस्त्यावर उन्हात ट्रक रांगेनं उभे होते. स्कूटी कशी चालवली, कुठून वळवली, हे तिला नंतर आठवलं नाही. घरी पोचली तेव्हा आई फाटकात उभी होती, हातात बाबांच्या चपला घेऊन. ते अनवाणी गेले होते.

ओसरीत दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. दोघांचे गुडघे एकमेकांना लागतील इतक्या जवळ. एक कप रिकामा होता. दुसऱ्यातल्या चहावर साय धरली होती.

गल्लीच्या तोंडाशी चंपतकाकांचं किराणा दुकान. ते बाबांच्या बरोबरीनं यार्डात होते. “दिसले ना,” ते म्हणाले. “म्या आवाज बी देल्ला, जय भीम प्रेमानंदभाऊ म्हनून. पाह्यलंच नाही त्यायनं. बोलत बोलत चालले होते.”

“कोणासोबत?”

चंपतकाका घोटाळले. “एकलेच होते, पोरी. पन रस्त्याच्या एका बाजूनं चालून राह्यले होते, जागा सोडून. मागून ऑटो आला, हॉर्न मारला, तरी त्यायनं ते बाजूची जागा नाही घेतली. कोनाले धक्का लागन म्हनून जपल्यासारखे.”

यार्डाच्या भिंतीला एका जागी खिंडार होतं, पोरं शॉर्टकटला वापरायची तिथं. रेल्वे पोलिसांनी रूळ पाहिले, उभे डबे उघडून पाहिले. सुशील आला, त्यानं दुर्गच्या इस्पितळांत फोन केले. पुण्याहून भाऊ पीयूष सारखा विचारत होता, काही कळलं का? काही कळलं नाही. अंधार पडला, आणि दुसरा दिवस उजाडला तरी आई ओसरीतच बसून होती. तिनं त्या दोन खुर्च्या कुणाला हलवू दिल्या नाहीत.

दुपारी सुशील पोलिस ठाण्यात गेला. आई चुलत्यांशी फोनवर बोलत होती, तेच तेच पुन्हा सांगत होती. उत्कर्षा आतल्या खोलीत आली. लॅपटॉप परवा होता तिथंच, खिडकीपाशी. तिनं तो उघडला तेव्हा आपण काय करतोय हे तिला ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती. ती गणिताची बाई होती. पोरांना ती सांगायची, यंत्र तुमचं ऐकतं, तुमच्या मनातलं ओळखत नाही. जे लिहाल तेच मिळेल.

तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. ओसरी दिसेनाशी झाली.

लिहिलं, ‘बाबा घरी आले आहेत.’

डावीकडे तेच. उजवीकडे कोरं.

तिनं वाक्य पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘बाबा ओसरीत बसले आहेत. एकटेच आहेत.’

उजवीकडे कोरं.

तिनं दुसरं वाक्य काढून टाकलं. पहिलंच राहू दिलं. बोट बटणावर ठेवून ती थोडा वेळ थांबली. बाहेर आईचा आवाज येत होता, मग तो स्वयंपाकघराकडे गेला, मग माठावरचं झाकण वाजलं.

तिनं बटण दाबलं.

‘बाबा ओसरीत बसले आहेत.’

डावीकडे तेच होतं. उजवीकडेही तेच. अक्षर न् अक्षर, काना-मात्रा, पूर्णविराम.

पडद्यापलीकडे खुर्ची कुरकुरली.

ती उठली. तिनं पडदा बाजूला केला नाही, ती दारातून गेली. ओसरीत बाबा बसले होते. काल अंगात होता तोच पांढरा सदरा, तीच लुंगी. अनवाणी पाय जोडून ठेवलेले, आणि तळव्यांना मातीचा कण नाही. समोरची खुर्ची रिकामी होती.

“बाबा,” ती म्हणाली.

त्यांनी मान वळवली. चेहरा शांत होता, दाढीसुद्धा केलेली. तिच्याकडे बघून ते हसले.

“ये, उत्कर्षा. मी इथेच बसलो आहे. मला थोडं पाणी देतेस का?”

आवाज बाबांचाच होता. जन्मभराचं ‘मले’ गेलं आणि पुस्तकी ‘मला’ आलं, हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

मागं दारात आई येऊन उभी राहिली होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. नवऱ्याला पाहून ती धावली नाही, रडली नाही. ती बघत राहिली. मग एक पाऊल मागं सरली, आणि परका पुरुष दारी आल्यावर घेतात तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला.