भावोजींचा जुना लॅपटॉप

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ताई अजून त्याच घरात राहते, म्हणून नावं सांगत नाही.

आणि हे रात्री-अपरात्री घडलेलं नाही. भर दुपारी, लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या साध्या फ्लॅटमध्ये घडलंय.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इमारतींचे नकाशे काढायचे. मागच्या उन्हाळ्यात ऑफिसात काम करता करताच गेले. ऑफिसातून त्यांचा चष्मा आला, छत्री आली आणि लॅपटॉप आला.

ताई त्याच लॅपटॉपवर मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागली. मी तेव्हा तिच्या सोबतीला राहत होते.

मशीन पार म्हातारं. पंखा सुरू झाला की मिक्सर लावल्यासारखा आवाज. पडदा मागे पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवावा लागायचा. ऐन शिकवणीत चित्र गोठायचं. ताईचं तोंड अर्धवट उघडं तसंच राहायचं आणि पलीकडे मुलं खिदळायची. एकेक करून मुलं गळायला लागली.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडून बघितला आणि मान हलवली.

"मॅडम, मी रॅम वाढवून देईन हो, पण याचा बोर्डच थकलाय. आज ना उद्या मान टाकणार. नवीनच घ्या."

ताई ऐकेना.

मी खनपटीलाच बसले. "शिकवण्या हातच्या जातील, ताई. त्या डबड्यात कशाला जीव अडकवून बसलीस?"

तिने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाली, "आज दुपारी जेवण झाल्यावर आतल्या खोलीत बस माझ्याजवळ. आणि बोलू नकोस."

बसले.

लॅपटॉप बंद. झाकण मिटलेलं. वायर काढलेली.

शेजारच्यांचं वॉशिंग मशीन घरघरत होतं. ते थांबलं.

आणि मग...

टक.

टक टक टक.

बटणं दाबल्याचा आवाज. मिटलेल्या झाकणाच्या आतून!

भावोजी आधी भरभर टाइप करायचे, मग थांबायचे, मग एकच बटण जोरात दाबायचे. अगदी तस्संच...

मी झटकन मागे सरकले. ताई मात्र हाताची घडी घालून शांत बसली होती.

"बोलत नाहीत," ती हळूच म्हणाली. "जिवंतपणी तरी या खोलीत कुठे बोलायचे? पण येतात गं. माझ्यासाठी येतात."

मला तिथून कधी एकदा उठते असं झालं होतं. मी पटकन म्हटलं, "तुझ्यासाठी येत असतील, तर नव्या लॅपटॉपवरही येतील की."

ताईचा चेहरा एकदम उजळला.

"हो की गं. मशीनसाठी थोडेच येतात!"

झालं, ठरलं. नवा लॅपटॉप आला. हलका, चपळ, पंख्याचा आवाजच नाही. जुना भावोजींच्या ऑफिसातल्या बाई घेऊन गेल्या. त्यांनी कित्येक वर्षं भावोजींच्या बरोबरीने काम केलं होतं. अर्धवट राहिलेले नकाशे त्या जुन्या मशीनवरच उघडत होते.

दुपारी ताई खोलीत जाऊन बसली.

काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी...

काहीच नाही.

तिने नव्याचं झाकण मिटून बघितलं, उघडून बघितलं. भावोजींची खुर्ची आणून ठेवली. चष्मा ठेवला. खोली ढिम्म. ते गेले त्या दिवशीही ती इतकी रिकामी वाटली नव्हती.

मग एका दुपारी त्या बाईंचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

"वहिनी, रागावू नका, एक विचारते. तुमच्याकडे असताना या लॅपटॉपमधून... काही आवाज यायचा?"

"कसला?"

"टाइप केल्याचा. आणि..." बाई अडखळल्या. "आणि हसण्याचा."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "हसण्याचा?"

"आत्ताही येतोय. ऐका..."

टक टक टक...

मग हसू. खालच्या पट्टीतलं, मनमोकळं. समोरच्याने काहीतरी गमतीचं सांगितल्यावर येतं ना, तसं. आवाज भावोजींचाच होता, पण असं हसताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

ताईनेही नव्हतं.

"परत आणून देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "जिथे करमतंय तिथे राहू दे."

वाटलं, संपलं. पण ताई रोज दुपारी बाईंना फोन लावायला लागली. दोघी एकमेकींशी बोलत नसत. बाई फोन उचलून टेबलावर ठेवायच्या आणि ताई इकडे कान देऊन बसायची. वेडं करून टाकणारं होतं ते सगळं.

एके दिवशी मी शेजारीच बसले होते. टकटक चालू होती. हसूही आलं.

मग अचानक सगळं थांबलं...

आणि भावोजींच्याच आवाजात कुणीतरी विचारलं,

"कोण आहे गं फोनवर?"

बाई म्हणाल्या,

"कोणी नाही."

ताईने फोन बंद केला. उठून तोंडावर पाणी मारलं आणि मुलांना अपूर्णांक शिकवायला बसली. आवाजसुद्धा कापला नाही तिचा.

मला मात्र ते 'गं' अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. ताईने हात पुसले आणि पुन्हा फोन लावला.

मी त्याच संध्याकाळी बॅग भरली.