निळ्या प्रकाशाचं माप

चार नंबरच्या टाकीतली प्रवाळं दहा दिवसांत पांढरी पडली आणि त्याचं खापर मिहिकाच्या डोक्यावर फुटलं.

ही २०४३ सालची गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळांची एक रोपवाटिका होती. तापलेल्या समुद्रात जिथे प्रवाळं मेली होती, तिथे नेऊन लावण्यासाठी काचेच्या मोठ्या टाक्यांमध्ये नवी प्रवाळं वाढवली जात. शाळेतल्या मुलांना एकेक टाकी सांभाळायला मिळे. सातवीतल्या मिहिका तांडेलने चार नंबरची टाकी आठ महिने जिवापाड जपली होती.

"तू खाणं जास्त टाकलंस, पाणी बिघडलं," रोपवाटिकेचे प्रमुख नेरूरकरसर सगळ्या मुलांसमोर म्हणाले.

"मी मापानेच टाकते, सर."

"मग काय, आपोआप पांढरी पडली?" असं म्हणत त्यांनी टाकीच्या फलकावरचं तिचं नाव पुसून टाकलं.

मिहिका घरी आली ती फणफणतच. एकदा विचारायचं तरी! पाणी तपासायचं तरी! तिने दप्तर आपटलं आणि रडायलाच बसली. आई जाळं विणत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"तुया काय केलंस नाय ना? मगे रडतंस कित्याक? जा, इचार तेंका."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिहिका तडक टाकीपाशी गेली. दहा-बारा दिवसांपूर्वी फक्त याच टाकीवर लावलेले नवे निळे दिवे झगझगत होते. टाकीच्या तळाशी कुर्ली काच घासत होती. कुर्ली म्हणजे खेकड्यासारखा सहा पायांचा यंत्रमानव. ती पाण्यातून बाहेरच्यांशी बोलू शके. पण विचारलं तरच बोले, आणि सफाई करणाऱ्या यंत्राला कोण काय विचारणार?

"कुर्ली, पाणी बिघडलंय?"

"नाही. क्षार, उष्णता, स्वच्छता, सगळं ठीक आहे," कुर्ली म्हणाली.

"हे तू सरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

मिहिकाचा संताप आणखी चढला. ती काचेला नाक लावून एकेक फांदी न्याहाळू लागली. कोपऱ्यात पाण्याची एक जाड नळी आडवी गेली होती. तिच्या सावलीत सापडलेलं प्रवाळ मात्र चांगलं तपकिरी, तजेलदार होतं. त्याचाच सावलीबाहेर आलेला अर्धा भाग पांढराफटक.

"पाणी तेच, खाणंही तेच. फरक फक्त सावलीचा! कुर्ली, उजेड जास्त झालाय का?"

"प्रवाळ हा प्राणी आहे," कुर्ली सांगू लागली. "त्याच्या अंगात सूक्ष्म शैवालं (पाण्यात वाढणाऱ्या साध्या वनस्पती) राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाला देतात. तपकिरी रंग त्यांचाच. प्रकाश फार झाला की त्याच शैवालांमध्ये विषारी पदार्थ तयार होतात. मग प्रवाळ त्यांना बाहेर टाकतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो."

"पण दिवे लावले त्या दिवशी सरांनी प्रकाश मोजला होता. माझ्यासमोर! जुन्या पांढऱ्या दिव्यांइतकाच, बारा हजार लक्स."

"लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला प्रकाश किती तेजस्वी वाटतो त्याचं माप. तुमच्या डोळ्यांना हिरवा-पिवळा प्रकाश फार जाणवतो, निळा फार कमी. शैवालांना मात्र निळा भरपूर वापरता येतो. त्यांच्यासाठी फोटॉन (प्रकाशाचे कण) मोजावे लागतात."

मिहिकाच्या कपाळावर आठ्या पडल्या. कुर्ली थोडी थांबली आणि तिने पुन्हा सुरुवात केली.

"समज, एका टोपलीत हिरवे आणि निळे मणी आहेत. मोजणारा प्रत्येक हिरवा मणी एक धरतो. निळे मात्र वीस झाले की त्यांना मिळून एक म्हणतो. टोपली निळ्या मण्यांनी भरली तर तो काय सांगेल?"

"थोडेच आहेत म्हणून सांगेल!" मिहिका ओरडली. "म्हणजे सर लक्सचा आकडा गाठायला निळे दिवे वाढवत गेले, वाढवतच गेले... तू कण मोजू शकतेस?"

"हो. कणांच्या मापात जुन्या दिव्यांखाली आकडा दोनशे होता. आता आठशे नव्वद आहे."

चौपटीहून जास्त! मिहिका धावतच नेरूरकरसरांच्या खोलीत गेली आणि त्यांना अक्षरशः ओढून घेऊन आली. तिने सावलीतली फांदी दाखवली, कुर्लीकडून आकडे वदवून घेतले. सर ऐकत होते, पण मानायला तयार नव्हते.

"अगं, पाहुणे बघून खूश होतात इतकी सुंदर चमकताहेत ही. हा उजेड बाधला असता तर अशी हिरवीगार चमकली असती का?"

पाहुण्यांसाठी ठेवलेले पिवळे चष्मे बाजूलाच होते. मिहिकाने एक सरांना दिला, एक स्वतः लावला. पिवळ्या काचेने निळा प्रकाश अडवला आणि झगझगाट नाहीसा झाला. काळोख्या पाण्यात फक्त प्रवाळांचा हिरवा रंग पेटलेला उरला. सावलीतल्या निरोगी तुकड्यापेक्षा पांढरी पडलेली प्रवाळंच जास्त चमकत होती.

"हे कसं?" सरांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"ही प्रतिदीप्ती (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकणं)," कुर्ली म्हणाली. "प्रवाळाच्या स्वतःच्या अंगात काही रंगद्रव्यं असतात. ती निळा प्रकाश घेतात आणि हिरवा देतात. शैवालांचा तपकिरी पडदा गेला की ती चमक जास्तच उठून दिसते. चमकतंय म्हणजे ठणठणीत आहे, असं नाही."

"ती उपाशी आहेत, सर," मिहिका म्हणाली. "उपाशी आहेत, आणि आपण त्यांचे फोटो काढतोय!"

सरांनी चष्मा उतरवला. ते दिव्यांच्या बटणापाशी गेले आणि कुर्ली 'दोनशे' म्हणेपर्यंत प्रकाश उतरवत राहिले.

"वाचतील?" त्यांनी विचारलं.

"थोडी शैवालं अजून आत आहेत. ती पुन्हा वाढू शकतात. बरीचशी दोन-तीन महिन्यांत तपकिरी होतील," कुर्ली म्हणाली.

"माझं चुकलं, मिहिका. उद्या सगळ्यांसमोर सांगेन."

मिहिकाने मान डोलावली, पण ती जागची हलली नाही. "सर, हेच दिवे रत्नागिरीच्या रोपवाटिकेतही लागलेत ना? त्यांना कळवलंत?"

"ते बघतील त्यांचं. आपली चूक चारचौघांत कशाला..."

"आणि तोवर तिथली प्रवाळं मरू द्यायची?"

सरांनी रत्नागिरीला फोन लावला आणि तिच्याच हातात दिला. पलीकडून तिथली टाकी सांभाळणाऱ्या एका मुलीचा रडवेला आवाज आला. तिचं नाव अस्मा. तिचीही टाकी पांढरी पडत चालली होती, आणि सगळे म्हणत होते, तिनेच काहीतरी केलं.

"तू काही केलेलं नाहीस," मिहिका ठामपणे म्हणाली. "तुमचा लक्समीटर माणसांच्या डोळ्यांसाठी आहे, प्रवाळांसाठी नाही. का ते नंतर सांगते. आधी पळत जा आणि दिवे कमी कर. भांडायचं असेल तर मग दोघी मिळून भांडू!"