मागे आलेलं प्यादं

वल्लरी, तो कंदील जरा इकडे सरकव. हां, आता ऐक.

त्या दिवशी मी बाजारात गेले दुधी आणायला आणि घेऊन आले बुद्धिबळाचा पट. दुधी विसरले. हसू नकोस. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजी विसरायची, मग किल्ल्या, शेवटी मला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला नवीन काहीतरी द्या. म्हणून मोबाईलवर बघून इंग्लिश ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करायची एक पद्धत, शिकायला घेतली. पांढऱ्याने मधल्या हाणामारीत न पडता कडेने शिरायचं. माझा स्वभावच तो.

वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं टाकायचं. मग काळ्याने मधलं प्यादं काढलं तर एक फाटा, आपलीच नक्कल केली तर दुसरा.

नवरा, सत्यजीत, न्हावा शेवा बंदरात ड्युटीवर. दाराला आतून कडी. दुपारीच अंधारून आलेलं, लांबून कळंबोलीकडच्या ट्रेलरची घरघर तेवढी. प्यादं दोन घरं टाकलं, कुकर बंद करून आले... तर प्यादं एकाच घरावर.

परत दोन घरं टाकलं. फोटो काढून ठेवला. वाळत घातलेले कपडे काढून आले... फोटोत दोन घरं, पटावर एकच. खोलीत ओल्या गोणपाटासारखा वास.

भूतबीत मनातही आलं नाही गं. आईच आली डोळ्यांसमोर. वाटलं, मीच प्यादं मागे घेते आणि विसरते. रात्री जेवण गेलं नाही. सत्यजीतला सांगायचाही धीर होईना.

रोज तेच. मग एका दुपारी काळा राजा स्वतःच्या प्याद्यांवरून उडी मारून पुढे येऊन बसला. घोड्यासारखा! अशी चाल कुठल्याच व्हिडिओत नव्हती.

खालच्या मजल्यावरच्या प्रभाकरकाकांना विचारलं.

"आमच्या आपटा गावात जुनी माणसं अशीच खेळायची," ते म्हणाले. "प्यादं एकच घर. राजाला एकदाच घोड्याची उडी. तुला कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

काका हळूच म्हणाले, "घरात कोणी म्हातारं माणूस... आलंय का?"

मी जिन्यातच थांबले. जी चाल मला ठाऊकच नव्हती, ती मी खेळून विसरणार कशी? रडले, हसले, सत्यजीतला फोन लावला.

"अरे, मी विसरत नाहीये! घरात भूत आहे!"

"...बरं. येताना दुधी आणू?"

त्या रात्री किती दिवसांनी शांत झोपले.

आता मी प्यादं एकच घर टाकते. त्याच्या चालीने खेळलं की तोही नीट खेळतो. कुरबुर नाही, वासही नाही. हरते, पण आनंदाने.

फक्त काल काय झालं, चहा ठेवून आले तर पट फिरवलेला. पांढऱ्या सोंगट्या पलीकडे, काळ्या माझ्यापुढे. त्याची पहिली चाल झालेली होती. म्हटलं ठीक आहे, बसू या. खुर्चीत टेकले...

माझी खुर्ची गरम होती गं, आत्ताच कोणी उठून समोर जाऊन बसल्यासारखी. आणि काळ्याने कसं खेळायचं, ते मी अजून शिकलेलेच नाही.