निःस्वार्थ शब्दाची रिकामी जागा

"शिडी धरा हो जरा! नुसते बघत काय उभे राहिलात?"

पाटीवालीने वरूनच हुकूम सोडला आणि खालच्या माणसाने पिशवी बाजूला ठेवून निमूटपणे शिडी धरली. जनावरांच्या नव्या दवाखान्याची पाटी रंगवायची होती. तिने कागदावरचा मजकूर वाचला, 'निःस्वार्थ पशुसेवा केंद्र', आणि ब्रश परत डब्यात टाकला.

"पहिला शब्द मी नाही लिहायची."

"का? विसर्ग जड जातो?"

"विसर्ग नाही हो, थाप जड जाते! निःस्वार्थ कोणी नसतं. कुणाला फोटो हवा असतो, कुणाला टाळ्या... तुमचे डॉक्टर काय स्वर्गातून पडलेत?"

"नाही. बसने आलो," तो म्हणाला.

तिचे कान लाल झाले. पण माघार? छे! "आलात ना? मग सांगा, तुम्हाला यातून काय हवंय?"

तो चिडला नाही, आणि तेच तिला खटकलं. "आत्ता नाही सांगता येत. तेवढी जागा मोकळी सोडा. रोज या, बघा. पटलं की लिहा."

पाटी तशीच लागली. आधी हातभर रिकामी जागा, मग 'पशुसेवा केंद्र', आणि खाली दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचं भलंमोठं नाव.

घरी तिच्या थोरल्या ताईने कपाळावर हात मारला. "अगं, तोंडावर विचारायची ही खोड सोड! त्या दोघांनी याच पायी काढता पाय घेतला ना?"

खोटं नव्हतं ते. एकाला तर तिने विचारलं होतं, 'माझ्यावर प्रेम आहे, की एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय?' तो पुन्हा फिरकला नाही.

तरी ती रोज दुपारी दवाखान्यात जायची. हाताला टर्पेंटाइनचा वास, जिभेवर नवा प्रश्न.

"त्या गाढवाला साहेब का म्हणालात?"

"मान दिला की लाथ मारत नाहीत," डॉक्टर हळूच म्हणाला. "तुमच्यावरही तोच उपाय चालू आहे..."

तिने हसू ओठांत दाबलं, पण अर्धं निसटलंच. तो तिला आवडायला लागला होता, अगदी नको इतका आवडायला लागला होता. म्हणूनच भीती वाटायची, की हाही एक दिवस वैतागेल आणि जाईल.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले आणि पाटी बघून भडकले. "पहिला शब्द कुठाय?"

ती पुढे झाली. डॉक्टरकडे बघायचं धाडस होईना, पण गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. "साहेब, सेवा निःस्वार्थ आहे, तर तुमचं नाव खाली केंद्राच्या नावाहून मोठं लिहायला का सांगितलंत?"

कुत्री-मांजरं घेऊन बसलेली सगळी माणसं माना उंचावून बघू लागली.

"डॉक्टर!" अध्यक्ष गरजले. "एक तर ही बाई इथून जाईल, नाहीतर तुम्ही!"

झालं, तिला वाटलं, हाही गेला.

"मग दोघंही जाऊ," डॉक्टर म्हणाला. "पण आधी तिला उत्तर द्या ना, साहेब. मलाही ऐकायचंय."

"मलाही!" शेळीवाली आजी मागून ओरडली. मग कोण थांबतंय! "आम्हालाही!"

अध्यक्षांनी गर्दीकडे पाहिलं, घाम पुसला. "लहान लिहा," ते पुटपुटले. "अगदी लहान... आणि कुणी कुठे जायचं नाही." टाळ्यांनी दवाखाना दणाणला आणि कुत्र्यांनीही आपला सूर लावला.

"आणि तुम्ही?" तिने डॉक्टरला विचारलं. सवय कुठली जाते! "नोकरीवर पाणी सोडायला निघालात. कशासाठी?"

"स्वार्थ आहे माझा." त्याने सगळ्यांदेखत तिच्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही हव्यात मला... रोज. प्रश्नांसकट."

गर्दीतल्या ताईने टाचा उंचावल्या. अख्ख्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या पोरीला आज उत्तर द्यायचं होतं! मग ती खुदकन हसली, ब्रश घेऊन भराभर शिडीवर चढली, आणि रिकाम्या जागेत ठळक अक्षरांत एकच शब्द लिहिला: 'आपलं'.

"आपलं म्हणजे नक्की कुणाकुणाचं?" डॉक्टरने खालून विचारलं.

ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझं नि माझं!"