एकशे सदतिसावा नग

चौसाळ्याच्या थांब्यापासून बीडच्या अंगाला दोनशे पावलं गेलं की हायवेच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड लागते. शेडवर पाटी नाही. रामहरी मिस्तरीला पाटीची गरज कधी पडलीच नाही. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, जे आलं ते दुरुस्त होऊन गेलं. "खोलनेवाले हजार, बिठानेवाला एक," असं त्याचा उस्ताद म्हणायचा, आणि तो एक म्हणजे आपणच, अशी रामहरीची पक्की समजूत होती. बावीस वर्षांत त्याच्या शेडमध्ये एक नट मागे उरला नव्हता की एक जागा रिकामी गेली नव्हती.

यात निम्मा वाटा त्याच्या बायकोचा, मुक्ताबाईचा. रामहरीचे हात ग्रीसनं माखलेले आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून तो एकेक नग काढायचा आणि मोठ्यानं त्याचं नाव घ्यायचा. मुक्ताबाई त्याला नंबराची चिंधी बांधून वहीत उतरवून घ्यायची. गाडी जोडताना तीच वही शेवटून वाचायची. जे शेवटी निघालं ते आधी बसतं. वहीतला खालचा नंबर बसल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही, हा दोघांचा नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

दिवाळीनंतर गावातल्या बड्या जमीनदार गहिनीनाथअण्णांनी ट्रेलरवर घालून एक लँडमास्टर मोटार पाठवली. एकोणीसशे सत्तावन्नची, काळी, अण्णांच्या शेतातल्या आखाड्यावर तीसेक वर्षं कडब्याखाली दडपलेली. "उभी कर अन् ठेव तुझ्याकडंच," अण्णा म्हणाले. "वैशाखात रोहिणीचं लगीन हाय ना? पाठवणी कर हिच्यातून." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी रामहरीची गत झाली. शेजाऱ्याला कडब्याची पेंढी न देणारा माणूस अख्खी गाडी कशी देतो, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण एकुलती एक पोर. मुक्ताबाई सासरी आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कारखान्याच्या वाटेवर, उसाच्या कोयत्यांशेजारी बसून. रोहिणीनं मात्र ऐटीत जावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

चैत्रात रंग झाला. ताडपत्र्यांवर नग ओळीनं मांडले गेले आणि नवरा-बायको जोडणीचा क्रम ठरवायला बसले. रामहरी कोळशानं भिंतीवर लिहीत होता, मुक्ताबाई शेवटून वाचत होती.

"एकशे चाळीस, मागच्या सीटची पाठ. एकशे एकोणचाळीस, तिचे चार बोल्ट. एकशे अडतीस, मागची बैठक. एकशे सदतीस..." ती थांबली आणि पदर तोंडाला लावून हसली. "एकशे सदतीस, आजी."

"कोन आजी?"

"इसरले का? डावं मागचं दार काढलं तुमी, तवा आत म्हातारी बसली नव्हती का? 'उतरा आजी' म्हणून तुमीच हाळी दिली. मी म्हणलं, गाडीतून निघालं ते लिहायचं. चिंधी बांधायची तेवढी राह्यली."

आता त्याला आठवलं. उजवं दार आदल्या दिवशीच निघालं होतं. तिकडून एखादी म्हातारी सावलीला चढून बसली असेल, बस येईपर्यंत. हायवेवर हे रोजचंच. हातात फडक्याचं गाठोडं होतं. उतरली, माठातलं पाणी प्याली आणि गेली. रामहरीही हसला आणि भिंतीवर एकशे अडतीसच्या पुढे सरळ एकशे छत्तीस लिहून मोकळा झाला.

इंजिन बसलं, वायरिंग झालं, काचा लागल्या. नवी गादी भरून आलेली बैठक जागेवर गेली. मग एकशे छत्तीस, डावं मागचं दार. बिजागऱ्या घट्ट झाल्या, रामहरीनं दार लोटलं, आणि ते चार बोटं अलीकडेच थांबलं.

त्यानं बिजागऱ्यांमागे पत्र्या घातल्या, काढल्या. खटका बदलला. कडेचं रबर सोलून टाकलं. फीत घेऊन दाराची चौकट कोनातून कोनात मोजली. उजवीकडची आणि डावीकडची मापं सारखीच. लोखंडाला लोखंड लागत नव्हतं, मधे काहीच नव्हतं, तरी दार थांबत होतं. कुणी चढायचं राहिलंय म्हणून एखाद्यानं दार धरून ठेवावं, तसं. तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की गाडी डावीकडून मागे दोन बोटं उचललेली आहे. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे नवे होते, दोन्हीकडचे एकाच जोडीतले. त्यानं ते अदलाबदल करून पाहिले. तरी डावी बाजू तेवढीच वर.

चौथ्या दिवशी गहिनीनाथअण्णा लग्नाची तयारी विचारायला आले. बोलता बोलता मुक्ताबाईनं आजीची गंमत सांगितली. अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला.

"हातात गाठोडं व्हतं?"

"व्हतं की. सासरी पोचवायला निघालेल्या बाईसारखं."

"उतरून कोनीकडं गेली?"

"कोन बघतंय, अण्णा? पाणी पिऊन गेली."

"गेली का?" अण्णांनी शेडभर नजर फिरवली, ताडपत्र्यांवरून, माठावरून. "ही गाडी आमच्या थोरल्या बहिनीच्या पाठवणीला घेतलती," ते म्हणाले. "एकदाच गेली. संगं आमची आजी बसलती." गाडीला हात न लावता, लांबून वळसा घालून ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

रामहरीला त्या रात्री जेवण गेलं नाही. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. मशीन खोटं बोलत नाही, चूक मिस्तरीचीच असते, हे तो गिऱ्हाइकांना शंभरदा सांगत आला होता. पण चूक सापडत नव्हती आणि लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

सकाळी चौसाळ्यातून खटक्याची स्प्रिंग घेऊन तो परतला, तर दार बंद होतं. कडा कडेला मिळालेल्या, केसाचीही फट नाही. गाडी दोन्ही बाजूंनी सारखी उभी होती. मुक्ताबाई दिवे पुसत होती.

"दार कुणी बसवलं?"

"मीच. वहीपरमानं. खालचा नंबर बसल्याबिगर वरच्याला हात लावू नये, तुमीच म्हणता."

"म्हंजी?"

"म्हंजी काय? दार उघडं धरलं अन् म्हणलं, बसा आजी. मंग लोटलं. टक्कन लागलं बघा." ती हसत होती. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू उतरलं. "अवो, गमतीनं म्हणलं मी."

त्यानं दार उघडलं. नव्या बैठकीवर, डाव्या कोपऱ्यात, गादी हलकीशी दबलेली होती. त्यानं तळहात टेकवला. रेक्झिन कोमट होतं. शेडमध्ये वैशाखाचं ऊन तापत होतं, सगळंच कोमट असणार. पण उजवा कोपरा गार होता.

रामहरी भ्याला. स्वतःपाशी त्यानं ते कबूल केलं आणि मग वेळ दवडला नाही. मांजरसुंब्याच्या ओळखीच्या माणसाची पांढरी जीप ठरवली. रोहिणी रुसली. "सा महिने म्हणायलात काळी गाडी, काळी गाडी. आता कावून न्हाई?" त्यानं ब्रेकचं कारण सांगितलं. पोरीशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

लग्नाच्या दिवशी उजाडताच तो एकटा शेडवर गेला. जिथे आपली लेक बसायची होती तिथे हे असं काही ठेवून मांडवात उभं राहणं त्याला जमेना. त्यानं डावं दार सताड उघडलं. इकडंतिकडं पाहिलं. लाज वाटत होती, तरी हात जोडले.

"उतरा, आजी. आमच्या पोरीचा आज दिवस हाय. तुमचं काय राह्यलं असंल ते असू द्या, पर तुमी उतरा."

काहीच झालं नाही. दार तसंच उघडं टाकून तो मांडवात गेला.

लग्न वेळेवर लागलं. चार वाजता पाठवणी निघाली. पहिल्यांदा सासरी जाणाऱ्या पोरीबरोबर घरातली थोरली बाई पाठराखीण म्हणून जाते. ती होती रामहरीची बहीण कौशल्याबाई. तिला गाडी लागते, म्हणून ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मागे रोहिणी आणि तिचा नवरा प्रवीण. मुक्ताबाई रडली, रामहरीही रडला. तलवाड्याच्या, रोहिणीच्या सासरच्या, वाटेनं पांढरी जीप दिसेनाशी झाली तेव्हा त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

मांडवातून तो सरळ शेडवर आला. ऊन अजून होतं. दार सकाळी टाकलं तसंच सताड उघडं. त्यानं ते लोटलं.

चार बोटं अलीकडे थांबलं.

त्यानं मागे जाऊन पाहिलं. डावी बाजू दोन बोटं वर होती.

उतरली, तो मनात म्हणाला. ऐकलं म्हातारीनं. हसू आणि रडू त्याला एकदमच आलं. माठातलं पाणी तोंडावर मारलं, फोन काढला आणि रोहिणीला लावला. पोरीचा आवाज ऐकावासा वाटत होता, दुसरं काही नाही.

"कुठवर आले, बाई?"

"मांजरसुंबा गेलं आत्ता," रोहिणी दबक्या आवाजात म्हणाली. "लई दाटी झालीय आबा. ह्यांचे गुडघे पार दाराला लागायलेत. मी मधी."

"मधी?" रामहरीनं विचारलं. "तुमी दोघंच तर मागं. तू मधी कावून?"

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"रोहिणी? आत्या मागं आली का?"

"न्हाई. ती पुढंच हाय." मग ती आणखी हळू बोलली, झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तसं.

"आबा, मोठ्यानं बोलू नका. आत्ताच डोळा लागलाय आजींचा. खांद्यावर डोकं टेकवलंय, मला हलता पन येईना."